काठीचा दस्तऐवज

संपादकांनी यंदा ‘दुर्मिळ’ हा विषय दिला. जुनी नाणी, माळढोक आणि आजीच्या वहीतल्या पाककृती यांवर इतर लेखकांनी आपापला हक्क आधीच नोंदविलेला असल्यामुळे माझ्या वाट्याला एक काठी आली. पूल या खेळाची, अमेरिकेतली, एका कारागिराने एकाच गिऱ्हाइकासाठी घडवायची आणि जिची किंमत ऐकून माझ्या बहिणीने पुण्याहून फोनवर ‘त्याला सोन्याची मूठ आहे का?’ असे विचारले, ती काठी. न्यू जर्सीत एडिसनला राहणारा माझा भाचा दिवसा औषधांच्या कारखान्यातील यंत्रे सांभाळतो आणि आठवड्यातून एक संध्याकाळ पूलच्या टेबलापाशी घालवतो. चाळिशी ओलांडल्यावर त्याला अशी एक खास काठी, म्हणजे क्यू, हवीशी वाटू लागली, आणि माझा मुक्काम तेव्हा त्याच्याकडेच असल्यामुळे त्या खरेदीच्या खटपटीत मी साक्षीदार म्हणून सामील झालो.

हा खेळ आपल्याला अगदीच परका आहे असे मानू नये. १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, पावसाने कोंडून घातलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडूंची भर घालून स्नूकर रचला. आणि पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यास हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेतेपद जिंकले, तेव्हा वैयक्तिक खेळात असा मान मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. पूल हा त्याच कुळातला, पण अमेरिकेत वाढलेला भाऊबंद. त्याचे चेंडू सव्वादोन इंच व्यासाचे, म्हणजे स्नूकरच्या चेंडूंहून मोठे व जड असतात, म्हणून काठीचे टोकही जाड, साधारण तेरा मिलिमीटरचे. आणि स्नूकरवाल्यांच्या ॲश लाकडाऐवजी येथे मेपलची सत्ता चालते.

अठ्ठावन्न इंच

क्यूची प्रचलित लांबी अठ्ठावन्न इंच. मधोमध पेचाने जोडले जाणारे त्याचे दोन समान तुकडे असतात. पुढच्या निमुळत्या तुकड्याला शाफ्ट व मागच्या जाड तुकड्याला बट म्हणतात, आणि दोहोंचे मिळून वजन अठरा ते एकवीस औंस, म्हणजे अर्ध्या किलोच्या आगेमागे भरते. शाफ्टच्या अग्रभागी फेरूल नावाचे एक पांढरे टोपण व त्यावर चामड्याची टिप असते. चेंडूला स्पर्श होतो तो या टिपेचा, तोही निमिषाच्या अत्यल्प अंशापुरता. आणि त्या क्षणी घडायचे ते सारे टिप, फेरूल व शाफ्टचा पुढचा वीतभर भाग यांतच घडून जाते. उलटपक्षी गिऱ्हाईक ज्यासाठी हजारो डॉलर मोजते ते एबनी, कोकोबोलो, सर्पचर्मासारख्या ठिपक्यांचे सुरिनामचे स्नेकवुड, शिंपल्याचे व चांदीचे जडावकाम, हे सगळे बटमध्ये, म्हणजे चेंडूपासून दोन हात दूर. हे तथ्य मी भाच्याला पहिल्याच संध्याकाळी ऐकविले. त्यावर तो शांतपणे म्हणाला, ‘‘मामा, तुमच्या तंबोऱ्यावरच्या नक्षीने सूर लागतो का?’’ मी विषय बदलला.

या अलंकरणाची एक शिस्त आहे आणि ती पाहण्यास डोळा तयार करावा लागतो. बटच्या पुढच्या अंगावर लांबोळ्या त्रिकोणांची जी टोके वर चढत गेलेली दिसतात त्यांना पॉइंट्स म्हणतात. पुढच्या अंगाच्या लाकडात इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच कापून तीत दुसऱ्या लाकडाची पाचर बसविली, आणि मग सगळेच लेथवर गोल तासले, की खाचेची कड आपोआप टोकदार होत जाते. त्या खाचेत पाचरेआधी रंगविलेल्या लाकडाचे कागदाएवढे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवले, तर प्रत्येक टोकाभोवती हिरव्या, काळ्या, नारिंगी रेषांची किनार उमटते. काम साधे दिसते. परंतु तासताना लाकूड केसभर जरी केंद्रापासून सरकले, तरी एका बाजूचे टोक उंच व समोरचे ठेंगणे होते. म्हणून जाणकार गिऱ्हाईक क्यू हाती घेतल्याबरोबर चमक पाहत नाही. तो काठी बोटांत फिरवीत चारही टोके एका पातळीत आहेत की नाहीत एवढेच निरखतो.

जडावाचेही असेच. यंत्राचे पाते गोल असल्यामुळे त्याने कोरलेल्या खळगीचे आतले कोपरे गोलच राहणार. घाईचा कारागीर मग शिंपल्याच्या चकतीचेही कोपरे गोल करून टाकतो, म्हणजे दोहोंचा मेळ बसतो. आणि ज्याला आपल्या नावाची चाड आहे तो भिंगाखाली सुरी घेऊन प्रत्येक कोपरा हाताने टोकदार करतो. पाच पावलांवरून दोन्ही क्यू सारखेच सुंदर दिसतात. किमतीत मात्र कित्येक पटींचे अंतर पडते.

ओक्सचा बाजार

फिलाडेल्फियानजीकच्या ओक्स गावी सुपर बिलियर्ड्स एक्स्पो नावाचे प्रदर्शन भरते. एका विस्तीर्ण छपराखाली एकीकडे शेकडो खेळाडूंचे सामने चाललेले असतात आणि दुसरीकडे कारागीर व व्यापारी आपापली दुकाने मांडून बसलेले असतात. चेंडूंचा तडतडाट इतका अखंड, की काही वेळाने तो ऐकूच येईनासा होतो. येथल्या गिऱ्हाइकांची रीत मला मोठी मनोरंजक वाटली. काठी हाती येताच प्रथम ती टेबलावर आडवी ठेवून हळूच लोटायची आणि डोळा टेबलाच्या पातळीला आणून टिपेखालून दिसणाऱ्या उजेडाच्या फटीकडे पाहायचे. फट थरथरली तर काठीत बाक आहे. मग पेच सोडून दोन्ही तुकडे वेगवेगळे लोटायचे, कारण दोन वाकडे तुकडे जोडल्यावर सरळ दिसण्याचा चमत्कार अधूनमधून घडतो. शेवटी बूड जमिनीवर अलगद आपटून कान द्यायचा. आतून बारीकशी गुणगुण आली तर कोठे तरी सरसाचा सांधा सुटला आहे असे समजून काठी आदराने परत करायची. ‘परवडत नाही’ असे कोणीच म्हणत नाही; ‘थोडी पुढे जड वाटते’ असे म्हणतात.

या बाजाराचे कुलदैवत म्हणावे असा पुरुष जॉर्ज बालाबुश्का. १९१२ साली रशियात जन्मलेला आणि १९२४ साली न्यू यॉर्कला आलेला हा सुतार लहान मुलांची खेळणी व फर्निचर करीत असे. १९५९ च्या सुमारास त्याने मित्रांना नाताळची भेट म्हणून क्यू करून दिले, आणि १९७५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच्या हातून हजार-बाराशेच क्यू झाले असावेत असा अंदाज केला जातो. मौज अशी की, आज ज्यांना त्याच्या नावाने अगणित दाम येते त्यांतील पुष्कळांच्या पुढच्या अंगाचे पॉइंट्स त्याने स्वतः कापलेले नव्हते. आरंभी ब्रन्सविक कंपनीच्या सार्वजनिक टेबलांवरील काठ्या कापून, पुढे शिकागोच्या बर्टन स्पेनकडून व पेनसिल्व्हेनियातील गस झाम्बोटीकडून तयार पॉइंट्सचे ठोकळे घेऊन तो त्यांवर आपली काठी उभारी. मग त्याचे कर्तृत्व कशात होते? तर निवडीत, जोडणीत, निमुळतेपणाच्या वळणात आणि लाकूड बिघडले तर ते निर्दयपणे फेकून देण्यात. १९८६ च्या ‘द कलर ऑफ मनी’ या चित्रपटाने त्याचे नाव घरोघर पोहोचविले. पण पडद्यावर बालाबुश्का म्हणून मिरविणारा क्यू वास्तविक जॉस या दुसऱ्याच कारखान्याचा होता.

मोठ्या नावामागोमाग तोतयेही आलेच. जुन्या क्यूची सही पुसता येते व नवी करता येते; म्हणून मृत कारागिराचा क्यू घेणाऱ्याला त्याच्या मालकांची परंपरा, दुरुस्तीच्या पावत्या, जुनी छायाचित्रे अशी एक पूर्ण दप्तराची पिशवी काठीबरोबर पदरी घ्यावी लागते. एका दुकानदाराने आम्हांला तसा एक क्यू दाखविला. त्याच्या कागदांची जाडी काठीच्या बटहून अधिक होती, आणि दुकानदाराने आधी कागदच उघडले.

टांगलेले दांडे

भाच्याने शेवटी ज्या कारागिराशी बोलणे जमविले तो सत्तरीतला एक मितभाषी गृहस्थ. घरामागच्या गराजमध्ये त्याची कार्यशाळा. तेथे पाऊल टाकताच नजर वर गेली, कारण आढ्याखालच्या फळ्यांतून मेपलचे शेकडो दांडे उभे लोंबत होते आणि प्रत्येकावर पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या होत्या. मेपल थंड उत्तरेचे, सावकाश वाढलेले, म्हणून वर्षावळ्या जवळजवळ आणि रेषा सरळ असलेले हवे. तेही आणल्याबरोबर कापून भागत नाही. लाकडाच्या पोटात वाढीच्या वेळचा ताण राहिलेला असतो, आणि वरचा थर तासला की तो मोकळा होऊन दांडा एका अंगाला कलतो. म्हणून चौकोनी दांडा किंचित गोल करायचा, काही महिने टांगून ठेवायचा, त्याला वळायचे तेवढे वळू द्यायचे, मग पुन्हा थोडा तासायचा, पुन्हा टांगायचा. असे करीत करीत इंचभराचा दांडा तेरा मिलिमीटरवर यायला वर्षे जातात. मधल्या एखाद्या टप्प्यावर तो हट्टाने वाकला, तर तो वाफेने सरळ करण्याच्या भानगडीत हा कारागीर पडत नाही. कोपऱ्यातील पिंप अशाच दांड्यांनी भरलेले होते.

‘‘हे सगळे वाया?’’ मी विचारले.

‘‘शेजारीण टोमॅटोच्या वेलांना आधार म्हणून नेते,’’ तो म्हणाला.

दुर्मिळ लाकडांचे कपाट वेगळे होते. तेथे मध्य आफ्रिकेची एबनी होती, सुलावेसीची पट्टेदार एबनी होती, आग्नेय आशियातील पादौकच्या गाठींचे अंबोयना होते, आणि खालच्या खणात आपल्या सह्याद्रीत वाढणारी शिसवही होती, जिचे पलंग व देव्हारे वाड्यावाड्यांतून आपण पाहिले आहेत. कोकोबोलोचा एक ठोकळा त्याने माझ्यासमोर लेथवर चढविला. प्रथम केशरी भुसा उडाला, मग एक उग्र गोडसर वास पसरला, आणि त्याने तोंडावरची मुखपट्टी अधिक घट्ट केली. कारण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या किनारी वाढणाऱ्या या लाकडाच्या भुशाने कित्येक कारागिरांच्या कातडीवर चट्टे उठतात व काहींना हा धंदाच सोडावा लागतो. लाकूड तेलकट, त्यामुळे सरस धरीत नाही. चिकटविण्यापूर्वी ॲसिटोनच्या बोळ्याने तो पृष्ठभाग पुसतो, बोळा गंजाच्या रंगाचा होतो, तो टाकून दुसरा घेतो, आणि तेल पुन्हा वर यायच्या आत जोड मारून मोकळा होतो.

याच्यापुढची गोष्ट मात्र मला अनपेक्षित होती. ही उंची लाकडे स्वभावाने अस्थिर असतात. एबनी सुकताना तडकते, स्नेकवुड तर तडकण्यासाठीच जन्मलेले असावे, आणि गाठींच्या अंबोयनात सरळ धागा असा नसतोच. म्हणून कारागीर त्या मौल्यवान ठोकळ्याच्या मधोमध आरपार भोक पाडतो आणि त्यात साध्या मेपलचा जाड दांडा सरसात घट्ट बसवितो. बाहेरून दिसते ती एबनी; काठीला पेलून धरणारा कणा मेपलचा. वजनही यामुळे आटोक्यात राहते, कारण नुसत्या एबनीची काठी हातोडीइतकी जड होईल. दुर्मिळ द्रव्य हे येथे एक गिलाफ आहे, आणि तो गिलाफ नीट बसला की नाही हे पारखण्यासाठीच प्रदर्शनात ते कान लावणे चाललेले असते.

परवाने, दाखले, जप्ती

पूर्वी उत्तम क्यूची फेरूल व मधल्या जोडाची कडी हस्तिदंताची असे. त्याही पूर्वी चेंडूच हस्तिदंती होते, आणि एका सुळ्यातून जेमतेम चार-पाच निर्दोष चेंडू निघत असल्यामुळे १८६० च्या दशकात न्यू यॉर्कच्या एका बिलियर्ड्स व्यापाऱ्याने पर्यायी पदार्थ शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचे इनाम जाहीर केले होते. त्या खटपटीतून जॉन वेस्ली हयात याच्या हातून सेल्युलॉइड आले, म्हणजे प्लॅस्टिकच्या युगाची एक वाट या टेबलावरून गेली आहे. चेंडूंतून हत्ती सुटला, काठीतून मात्र आणखी शंभर वर्षे सुटला नाही.

आता कायद्याने गळफास आवळला आहे. ६ जुलै २०१६ पासून अमेरिकेच्या संघराज्यात आफ्रिकी हस्तिदंताचा आंतरराज्य व्यापार जवळजवळ बंद आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला सवलत आहे. आणि त्या तारखेपूर्वी घडविलेल्या, दोनशे ग्रॅमहून कमी हस्तिदंत असलेल्या, तोही वस्तूचा केवळ एक पक्का जडविलेला भाग असलेल्या व निम्म्याहून कमी मोलाचा असलेल्या, शिवाय तो हस्तिदंत १९९० पूर्वी देशात आल्याचा पुरावा असलेल्या वस्तूलाही वाट मोकळी आहे. म्हणजे आजोबांच्या पेटीतला जुना क्यू सुटू शकतो. पण नव्या क्यूत, कारागिराच्या खणात तीस वर्षे पडून असलेला तुकडासुद्धा बसवून परराज्यात विकता येत नाही. न्यू जर्सीने तर २०१४ सालीच हस्तिदंताची आयात, विक्री व खरेदी बंद केली, आणि त्यात सैबेरियाच्या बर्फातून निघणाऱ्या मॅमथच्या दातालाही गोवले. मॅमथ नामशेष होऊन हजारो वर्षे लोटली, तरी त्याच्या नावावर हत्तीचा दात खपविणारे जिवंत आहेत, हे त्यामागचे कारण. दोहोंतील भेद कारागिराने मला एका जुन्या तुकड्यावर समजावून दिला. आडव्या छेदावर तिरप्या रेषांची एकमेकींना छेदणारी जाळी दिसते. बाहेरच्या कडेजवळ त्या रेषांतील कोन विशाल, एकशेपंधरा अंशांच्या वर असेल तर दात हत्तीचा, आणि नव्वदाच्या आत असेल तर मॅमथचा. वन्यजीव खात्याचे निरीक्षकही भिंगाखाली हेच पाहतात.

भाच्याच्या मनात प्रारंभी हस्तिदंती जोड होता. राज्याची हद्द ओलांडून तो न्यू जर्सीत घरी आणणे म्हणजे गुन्ह्याची तयारी, हे कळल्यावर त्याने ती कलमे दोनदा वाचली आणि थोडा वेळ गप्प बसला. मला, खरे सांगायचे तर, त्याच्या निराशेबद्दल फारसे वाईट वाटले नाही. हस्तिदंती फेरूलवर चेंडूचा आवाज अधिक गोड येतो असे म्हणणारे खेळाडू पुष्कळ आहेत. त्यांच्या कानांवर अविश्वास दाखवायचा नाही, पण एवढ्या गोडव्यासाठी एक जनावर आडवे पाडणे मला बेहिशेबी वाटते. आता कारागीर राळेचे पांढरे मिश्रण वापरतात. ते तडकत नाही, पिवळेही पडत नाही.

लाकडांची कैफियतही कमी किचकट नाही. ब्राझीलची शिसव वन्यजीवांच्या व्यापारासंबंधीच्या ‘साइट्स’ करारात १९९२ पासून सर्वांत कडक यादीत आहे. कोकोबोलो २०१३ साली दुसऱ्या यादीत आला. आणि २ जानेवारी २०१७ पासून दालबर्जिया प्रजातीतील झाडून सगळी लाकडे, आपली शिसवही, त्या यादीत गेली. याचा घाव अधिक करून चिनी फर्निचरच्या प्रचंड मागणीवर घालायचा होता. मधल्या मध्ये गिटार व क्लॅरिनेट घेऊन दौऱ्यावर जाणारे वादक विमानतळांवर अडकू लागले. म्हणून २०१९ च्या जिनिव्हा परिषदेत वाद्यांना सूट मिळाली. क्यू हे वाद्य नव्हे. सुदैवाने त्याच वेळी तयार वस्तूंच्या एका पाठवणीत दहा किलोपर्यंत अशा लाकडाला मोकळीक दिली गेली, आणि त्या कलमाच्या आडोशाने कोकोबोलोचा क्यू आज परदेशी जाऊ शकतो. ब्राझीलच्या शिसवेला हा आडोसा नाही.

याशिवाय अमेरिकेचा १९०० सालचा लेसी कायदा आहे. २००८ च्या दुरुस्तीने तो लाकडालाही लागू झाला, आणि ज्या देशातून लाकूड निघाले त्या देशाचा कायदा मोडला असेल तर येथेही माल जप्त होतो. २०११ साली नॅशव्हिलच्या एका नामांकित गिटार कारखान्यावर धाड पडली ती भारतातून आलेल्या एबनी व शिसवेच्या पट्ट्यांवरून. तेव्हापासून हा कारागीर प्रत्येक ठोकळ्याच्या बुडाला खडूने क्रमांक घालतो, आणि त्या क्रमांकाची पावती, विकणाऱ्याचे नाव व आयातीचा दाखला एका लोखंडी पेटीत ठेवतो. क्यू विकताना त्या कागदांच्या नकला गिऱ्हाइकाच्या हवाली करतो. ‘‘लाकूड अजून मिळते,’’ तो म्हणाला, ‘‘पण कागदासकट लाकूड क्वचित.’’

याला दुसरीही एक बाजू आहे. कॅमेरूनमध्ये एबनी तोडणारे मजूर निखळ काळ्या गाभ्यासाठी दहा झाडे पाडून त्यांतील एकच उचलीत आणि तपकिरी पट्ट्यांची नऊ जंगलात कुजू देत. कारण काळेपणावाचून बाजार ती घेत नसे. २०११ साली टेलर या गिटार कंपनीने तेथील गिरणीत भागीदारी घेतल्यावर पट्टेदार एबनीही त्याच दराने घेण्याचे ठरविले. गिटारवाले हळूहळू सरावले. क्यूवाले अजून काळीच मागतात. कारागिराने पट्टेदार ठोकळा पुढे केला, तेव्हा भाच्याने तो उलटसुलट पाहून नम्रपणे बाजूला ठेवला.

इसार

ठराव झाला तो असा. पुढचे अंग पक्ष्याच्या डोळ्यांसारख्या ठिपक्यांच्या मेपलचे, पॉइंट्स चार व कोकोबोलोचे, किनारीला तीन रंगांचे पापुद्रे, मुठीवर आयरिश लिननच्या दोऱ्याचे वेष्टन, वजन एकोणीस औंस, हस्तिदंत नाही, जडाव नाही. शाफ्ट दोन, आणि या कलमापाशी भाच्याने जरा चाचरत, तिसरा शाफ्ट कार्बन फायबरचा बसेल असा पेच ठेवता येईल का, असे विचारले, कारण हल्ली त्याच्या लीगमध्ये सगळे तोच वापरतात, चेंडू कमी भरकटतो आणि शाफ्ट वाकत तर नाहीच. आढ्याला शेकडो दांडे टांगून बसलेल्या त्या माणसाने कपाळाला आठीही न घालता ‘‘बसेल,’’ म्हणून पेचाचे माप लिहून घेतले.

मुदत सहा वर्षांची. काही प्रख्यात कारागिरांकडे ती दहा वर्षांपर्यंत जाते, त्या मानाने ही सुसह्य म्हणायची. इसाराची रक्कम लहानशी होती. पावती हाताने लिहिलेली, आणि तिच्या तळाशी आपणहून घातलेले एक कलम होते, की काम आपल्या हातून पुरे न झाल्यास रक्कम कुटुंबीयांनी परत करावी. त्याखाली त्याच्या पत्नीने सही केली. पापुद्र्यांचे रंग कोणते ते आत्ताच सांगायची निकड नाही, असेही त्याने बजावले. लोक पहिल्या वर्षी मागितलेला हिरवा रंग पाचव्या वर्षी बदलतात, असा त्याचा अनुभव.

रात्री पुण्याहून फोन आला. सहा वर्षे हे ऐकून बहीण क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘‘एवढ्यात झाड लावून वाढेल की रे! त्याला विचार, आपलं सागवान चालतं का?’’

भाच्याने खरोखरच दुसऱ्या दिवशी पत्र लिहून विचारले. सागवानाचे एक बोटभर वर्तुळ बुडाच्या टोपणापाशी बसविता येईल, असे उत्तर आले. मात्र बरोबर पावती हवी.